सहा फुटी रीफ टँक: लाईट गेली की पाणी कुठं जाऊन थांबणार, ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न असा की गोरेगावला सातव्या मजल्यावर टू बीएचके आहे, रिनोव्हेशन चालू आहे, हॉलच्या भिंतीला ६ फूट बाय अडीच फूट बाय २ फूट रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावायचाय, सुतार आणि प्लंबर पुढच्या आठवड्यात दोघंही घरात असणार, तर पंप कुठला घेऊ, पाइप किती इंची टाकू आणि एक दुकानदार समुद्रातला लाइव्ह रॉक, म्हणजे जिवंत जीव असलेला खडक, देतो म्हणतोय तो घेऊ का. काम चालू असतानाच विचारलंत हे फार बरं केलंत. माझ्याकडे बहुतेक लोक टाइल्स बसल्यावर, फर्निचरला लॅमिनेट लागल्यावर येतात, आणि मग निम्म्या गोष्टी जमतच नाहीत.

मी १६ वर्षं मुंबईत खाऱ्या पाण्याचे टँक लावतोय, स्वतःच्या घरी पण आणि लोकांच्या घरी पण. पंपाचा प्रश्न शेवटी येतो. आधी कागद घ्या आणि त्यावर टँक, खालचा संप (स्टँडमधली दुसरी टाकी), आरओ पाण्याची टाकी, पाणी थंड करणारा चिलर सगळं काढा, आणि मग एकच गोष्ट स्वतःला विचारत बसा की आत्ता या क्षणी लाईट गेली तर पाण्याचा प्रत्येक थेंब कुठं जाऊन थांबणार? त्याचं उत्तर कागदावर लिटरमध्ये आलं की बाकीचं प्लंबिंग आपोआप सुटत जातं.

पण त्याच्याही आधी वजन. १८० बाय ७५ बाय ६० सेंटीमीटर म्हणजे काठोकाठ ८१० लिटर, वरची मोकळी जागा आणि काचेची जाडी सोडली तर ७५० धरा. १५ मिमी काच घेतलीत तर नुसता रिकामा टँक १६० किलोच्या वर जातो. रॉक आणि वाळू मिळून ८०-१०० किलो, स्टँड १०० च्या आसपास, संपमधलं पाणी १२०-१३०. सगळं मिळून १२०० किलोच्या पुढे गेलं, आणि हे बसतंय साधारण १.३५ चौरस मीटरवर, म्हणजे चौरस मीटरला ९०० किलो. घरांच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात जो लोड धरतात तो चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे आपल्या भाषेत २०० किलो. आता यावरून स्लॅब लगेच खाली येईल असं समजू नका, तो आकडा पूर्ण खोलीभर पसरलेल्या वजनाचा असतो आणि तुमचा टँक एका कडेला आहे, पण कुठल्या कडेला याने फार म्हणजे फार फरक पडतो. खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन त्यांचं सीलिंग बघा, तुमच्या भिंतीखाली बीम जातोय का नुसता सपाट स्लॅब आहे ते लगेच दिसेल. चार इंची पार्टिशन वॉल असेल तर तिच्याखाली बीम असेलच असं नाही. टँक कॉलमच्या जवळ, बीमवर किंवा बीमला काटकोनात येईल असा, स्लॅबच्या मधोमध कधीच नाही. आणि एक स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावून त्याच्याकडून लेखी घ्या, सोसायटीला पण त्याची कॉपी द्या. त्याची फी तुमच्या लाइट्सच्या खर्चापुढे काहीच नाही. गिरगाव-परळकडच्या जुन्या लाकडी तुळयांच्या चाळीत मला कोणी सहा फुटी टँक लावायला सांगितला तर मी स्पष्ट नाही म्हणतो, तिथं तीन फुटीच करा.

वजनाचा विषय निघालाय तर हे पण, सहा फुटी टँक बहुतेक लिफ्टमध्ये बसत नाही. सात मजले जिन्याने न्यायचा तर जिन्याच्या वळणावर अडीच फुटाची रुंदी आणि उचलणाऱ्या माणसांचे हात हे दोन्ही मावतंय का ते टेपने मोजा, ऑर्डर द्यायच्या आधी. मावत नसेल तर काच वर नेऊन हॉलमध्येच टँक चिकटवणारे कारागीर आहेत, तसं करा, सिलिकॉन वाळायला पूर्ण आठवडा द्या.

आता मुख्य विषय. रीफ टँकमध्ये पाणी ओव्हरफ्लोतून, म्हणजे टँकच्या वरच्या कडेच्या बॉक्समधून, खाली संपमध्ये येतं आणि रिटर्न पंप ते परत वर टाकतो. लाईट गेली की पंप थांबतो, पण वरचं पाणी लगेच थांबत नाही. ओव्हरफ्लोच्या काठापर्यंतची पातळी खाली येते, ओव्हरफ्लो बॉक्समधलं पाणी येतं, पाइपमधलं येतं, आणि रिटर्नचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल तर ते तोंड उघडं पडेपर्यंत उलटा सायफन चालू राहतो. तुमच्या टँकचं क्षेत्रफळ १३,५०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे एक सेंटीमीटर पातळी उतरली की साडेतेरा लिटर खाली. रिटर्नचं तोंड ३ सेंटीमीटर खोल ठेवलंत तर ४० लिटर, बॉक्स आणि पाइपचे १५-२० धरले तर ६०. तोंड १५ सेंटीमीटर खोल ठेवलंत, जसं बरेच जण दिसायला छान म्हणून ठेवतात, तर २०० लिटर खाली येणार आणि कुठलाच संप ते घेणार नाही.

संप १२० बाय ४५ बाय ४० घ्या. त्यात एक सेंटीमीटरला ५.४ लिटर. पंप चालू असताना पातळी २२ सेंटीमीटर ठेवली, बहुतेक स्किमरना (फेसातून घाण काढणारं यंत्र) तेवढीच लागते, तर वर १८ सेंटीमीटर मोकळे राहतात म्हणजे ९७ लिटर. ६० येणार आणि ९७ ची जागा आहे, हे ठीक. हा हिशोब तुमच्या मापाने परत करा आणि संपच्या काचेवर मार्करने रेघ मारा की चालू असताना पाणी याच्या वर कधीच जाता कामा नये.

बरेच जण सांगतील की रिटर्नला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह टाका नाहीतर पाण्याच्या पातळीखाली पाइपला ६ मिमीचं भोक पाडा, हवा आत गेली की सायफन तुटतो. दोन्ही करा हवं तर, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. माझ्या घरी दुसऱ्या टँकला असं भोक होतं, दर महिन्याला साफ करायचं असं ठरवलेलं, आणि एका पावसाळ्यात कामाच्या गडबडीत दोन-तीन महिने राहिलं. गुलाबी कोरलाइन अल्गी, म्हणजे दगडासारखं कडक शेवाळ, त्या भोकावर चढून ते पूर्ण बंद झालं होतं. रात्री अडीचला लाईट गेली आणि सकाळी उठलो तेव्हा पाऊणशे लिटर खारं पाणी जमिनीवर, आणि खालच्या काकांच्या बेडरूमच्या सीलिंगला ओल. त्यांचं वय तेव्हा सत्तरच्या पुढे होतं, त्यांना दोन आठवडे दुसऱ्या खोलीत झोपावं लागलं, पीओपी आणि रंग मी करून दिला पण ते अजून मनाला लागलंय. नॉन रिटर्न व्हॉल्व्हचं पण तसंच, एक गोगलगाय किंवा स्पंजचा तुकडा फ्लॅपमध्ये अडकला की तो अर्धवट उघडा राहतो. म्हणून तोंडं पृष्ठभागाच्या अगदी खाली, आणि संपमध्ये जागा, हे दोनच उपाय असे आहेत की ज्यांना देखभाल लागत नाही.

ओव्हरफ्लोला तीन पाइपची पद्धत करा, बीन ॲनिमल म्हणतात तिला. पहिला पाइप पूर्ण भरून सायफनने चालतो, त्याला खाली व्हॉल्व्ह. दुसरा उघडा, त्यातून नुसती पातळ धार जाते. तिसरा कोरडा, त्याचं तोंड सगळ्यात वर, त्यात रोज पाणी जातच नाही, पहिले दोन तुंबले तरच जाणार. त्या तिसऱ्यावर व्हॉल्व्ह बसवायचा नाही, कोणी कितीही सांगितलं तरी नाही, आणि तो एकटा पूर्ण प्रवाह घेऊ शकला पाहिजे. टँकमध्ये फक्त दोन भोकं शक्य असतील तर हर्बी करा, सायफन आणि इमर्जन्सी. एकाच पाइपचा डुर्सो छोट्या टँकला चालतो पण हॉलमध्ये रात्रभर गुळगुळ आवाज येतो, आणि तो तुंबला की मागे काहीच नाही. सायफनचा पाइप नीट जमला की आवाज खरंच येत नाही, टँकशेजारी झोपता येतं.

सायफन पाइपचं खालचं तोंड संपच्या पाण्यात एक इंचापेक्षा जास्त खोल नको, नाहीतर लाईट परत आल्यावर पाइपमधली हवा बाहेर ढकलली जात नाही, सायफन लागायला खूप वेळ घेतो आणि तेवढा वेळ इमर्जन्सी पाइपवर भार येतो. आणि ९० चा एल्बो टाळता येईल तिथं ४५ चे दोन टाका.

पाइपच्या मापावर जरा जास्त बोलतो कारण इथंच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. आपल्याकडे दुकानात जाऊन 'एक इंची' मागितलं तर तीन वेगळी माणसं तीन वेगळे पाइप देतील. पांढरा यूपीव्हीसी प्लंबिंगचा एक इंची पाइप बाहेरून ३३.४ मिमी असतो. क्रीम रंगाचा सीपीव्हीसी, जो बाथरूमला गरम पाण्यासाठी टाकतात, तो एक इंची बाहेरून २८.६. आणि करडा शेतीचा पीव्हीसी मेट्रिक मापात येतो, ३२ मिमी. बाहेरून मागवलेले ॲक्वेरियमचे युनियन (उघडता येणारा जोड), व्हॉल्व्ह, टँक निपल (काचेच्या भोकात बसणारा जोड) हे बरेचदा मेट्रिक असतात, ३२, ४०, ५० असे. आता ३३.४ चा पाइप ३२ च्या फिटिंगमध्ये जाणारच नाही, आणि उलटं केलंत तर सैल बसतो, आणि मग प्लंबर म्हणतो साहेब सोल्युशन जास्त लावतो, भरून निघेल. नाही भरून निघत! तो जोड सहा महिन्यांनी, मीठ साचायला लागल्यावर, ठिबकतो. दीड इंचीचं पण तेच, एक ४८.३ आणि दुसरा ५० मिमी. म्हणून आधी ठरवा की पूर्ण सिस्टीम कुठल्या मापात, मग सगळंच त्या मापात घ्या, आणि नागदेवीला, म्हणजे मुंबईच्या हार्डवेअर बाजारात, जाताना व्हर्निअर कॅलिपर आणि तुमची फिटिंग हातात घेऊन जा. मी स्वतः पांढऱ्या यूपीव्हीसीत करतो, कारण एखादा एल्बो रविवारी संध्याकाळी लागला तर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतो.

त्याच हार्डवेअरवाल्याकडे एक धोका पण आहे. आपल्या यूपीव्हीसी-सीपीव्हीसीच्या आटे असलेल्या बऱ्याच फिटिंगमध्ये आत पितळेचा भाग असतो, नळ बसवायला मजबूत म्हणून. बाथरूमसाठी ते उत्तमच आहे. रीफ टँकमध्ये पितळ म्हणजे तांबं, आणि तांबं थोडं जरी पाण्यात उतरलं तरी कोळंबी, गोगलगायी, कोरल हळूहळू मरतात आणि कारण सापडत नाही. प्रत्येक फिटिंग हातात घेऊन आत डोकावून बघा, पिवळं दिसलं की परत. गेट व्हॉल्व्ह पण साधारण पितळेचे किंवा गनमेटलचेच मिळतात, प्लास्टिकचा गेट व्हॉल्व्ह शोधावा लागतो किंवा मागवावा लागतो, तर सायफन लाइनसाठी तो एक मागवाच. बॉल व्हॉल्व्हने सायफन ट्यून होतो पण केसभर इकडे तिकडे झालं की पातळी बदलते, रोज त्याच्याशी झगडावं लागतं. होजला स्टीलचे क्लॅम्प नकोत, साधं ३०४ स्टील खाऱ्या पाण्यात गंजतं, प्लास्टिकचे घ्या.

टँक निपलचं रबरी वायसर पाण्याच्या बाजूला, फ्लँजखाली यायला हवं, नटाच्या बाजूला नाही. हाताने घट्ट करा आणि मग पाव फेरा, पान्ह्याने आवळत बसलात तर काच जाईल. सिलिकॉन तिथं लावू नका, परत काढता येत नाही. भोकं पाडायच्या आधी काचवाल्याला स्पष्ट विचारा की ही काच टफन्ड (तापवून कडक केलेली) आहे का, टफन्ड असेल तर भोक पाडताना पूर्ण शीट तुकडे तुकडे होते. दोन भोकांमध्ये आणि भोक ते काठ यात कमीत कमी एका भोकाच्या व्यासाएवढं अंतर.

तुमचा प्लंबर नेहमीसारखा सोल्युशन लावून दहा मिनिटांत पाणी सोडेल. त्याला सांगा की आधी सगळं कोरडं जोडायचं, पेनाने खुणा करायच्या, पाइप काटकोनात कापायचा आणि कड घासायची, मग सोल्युशन, पाव फेरा, अर्धा मिनिट दाबून धरायचं. २४ तास थांबा, आणि पावसाळ्यात करत असाल तर ४८, हवेतल्या ओलाव्याने आपल्याकडे जुलैत सोल्युशन वाळायला खरंच वेळ घेतं. मग साध्या पाण्याने दोनदा फिरवून ते पाणी फेकून द्या.

आता पंप. संपमधून तासाला टँकच्या चौपट पाणी फिरलं तरी पुष्कळ, म्हणजे ३००० ते ३२०० लिटर. कोरलना जो जोरदार प्रवाह लागतो तो टँकमधल्या वेव्हमेकरने (पाणी ढवळणारा छोटा पंखा) द्यायचा, रिटर्न पंपाने नाही. बघा, ३२०० लिटर तासाला जर एक इंची पाइपमधून न्यायचे तर पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या वर जातो, आणि सव्वा इंचीत तो ०.९ वर येतो आणि घर्षणाचा तोटा साधारण चौथ्या हिश्श्यावर. म्हणजे पंपाच्या तोंडाला जरी एक इंची आटे असले तरी लगेच वर सव्वा इंची करा. उभी उंची १.४ मीटर, वळणांचा तोटा अर्धा मीटर धरला तर दोन मीटरला तो पंप किती देतो ते त्याच्या ग्राफवर बघा. बॉक्सवर जो ८००० लिटर वगैरे आकडा असतो तो शून्य उंचीचा. डीसी पंप घ्या, वेग कमी-जास्त होतो, आणि दोन्ही बाजूंना युनियन टाका म्हणजे साफ करायला काढता येतो. मी आणखी एक सांगेन, रिटर्न लाइनवर एक मॅनिफोल्ड काढा, तीन टी, प्रत्येकीला छोटा बॉल व्हॉल्व्ह आणि टोकाला कॅप. आज काही लावायचं नसलं तरी दोन वर्षांनी पाणी साफ करणारा रिॲक्टर किंवा यूव्ही लावायचा झाला तर करवत चालवावी लागणार नाही.

आणि भिंतीपासून २० सेंटीमीटर जागा सोडा. सुतार म्हणेल की साहेब हॉल छोटा होतोय, टँक भिंतीला चिकटवू. ऐकू नका. मागच्या प्रत्येक नटापर्यंत तुमचा हात गेला पाहिजे, टँक भरल्यावर तो एक इंचही सरकत नाही. स्टँडला बीडब्ल्यूपी म्हणजे आयएस ७१० चा प्लाय किंवा पावडर कोटिंग केलेलं एमएस, दरवाजे पूर्ण उघडणारे, मध्ये खांब नको म्हणजे संप पुढून बाहेर काढता येईल. इलेक्ट्रिकचा बोर्ड संपच्या वर अजिबात नको, शेजारी वेगळ्या कप्प्यात, ३० मिलीॲम्पिअरच्या आरसीसीबीसकट, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबेल अशी, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब प्लगमध्ये जाणार नाही.

चिलरचं ठिकाण तुम्ही लिहिलंच नाहीये आणि मुंबईत तोच सगळ्यात मोठा निर्णय. पाणी २५ ते २७ डिग्रीत ठेवायचंय, मे महिन्यात बंद हॉलमध्ये टँकचं पाणी सहज ३१ वर जातं. पंखे लावून बाष्पीभवनाने थंड करायची युक्ती चांगली आहे, एक लिटर पाणी उडालं की ९०० लिटरच्या सिस्टीमचं तापमान साधारण अर्धा-पाऊण डिग्री उतरतं, पण जूनपासून हवेत ओलावा एवढा असतो की पाणी उडतच नाही. म्हणजे पुण्या-नाशिकला जे चालतं ते इथं पावसाळ्यात चालत नाही. या आकाराला अर्धा एचपीचा चिलर घ्या, टायटॅनियम कॉइलचा, पाव एचपीचा मे महिन्यात थांबायचं नाव घेत नाही. आणि तो स्टँडमध्ये कोंबू नका, टँकमधली उष्णता काढून तो तिथल्याच हवेत सोडतो आणि तीच गरम हवा परत ओढतो. ड्राय बाल्कनीत ठेवा. त्यासाठी आत्ताच, टाइल्स लागायच्या आधी, हॉल ते ड्राय बाल्कनी चार इंची पाइपचा स्लीव्ह टाकून घ्या, बाल्कनीकडे किंचित उतार देऊन, आणि चिलरची जाणारी-येणारी लाइन त्या स्लीव्हमधून न्या. भिंतीत गाडू नका, कारण कधीतरी बदलावी लागतेच. एसीवाले जी काळी नायट्राइल फोमची नळी वापरतात तीच या पाइपवर चढवा, नाहीतर पावसाळ्यात पाइपला घाम येऊन स्लीव्हमधून पाणी ठिबकतं आणि तुम्ही लीकेज शोधत बसता. बिल्डिंग नवी, मायव्हॅन शटरिंगची असेल तर सगळ्या भिंती आरसीसी असतात, तिथं कोअर कटिंग इंजिनिअरच्या परवानगीशिवाय करायचंच नाही, एसीसाठी बिल्डरने सोडलेली भोकं वापरा.

पाण्याचं थोडक्यात. समोर अरबी समुद्र आहे तर मीठ विकत का घ्यायचं असं प्रत्येक जण विचारतो. आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात खाड्यांचा गाळ आणि शहराचं सांडपाणी आहे, आणि पावसाळ्यात खारटपणा उतरतो, ते नको. आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. किचनचा आरओ चालत नाही, त्यात चवीसाठी साधं पाणी परत मिसळतात. महापालिकेचं पाणी तलावांचं असल्याने टीडीएसला तसं बरं असतं, पण सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळत असतील तर रेझिन भराभर संपतं. पहिल्यांदा भरायला ९०० लिटर लागणार. ७५ गॅलनचा मेंब्रेन दिवसाला फार तर २८० लिटर देतो, टाकीच्या प्रेशरवर त्याहून कमीच, तेव्हा बूस्टर पंप लावा आणि चार-पाच दिवस धरा. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर टाकाऊ या हिशोबाने २७०० लिटर बाहेर पडेल, ते ड्रममध्ये साठवून फरशीला आणि फ्लशला वापरा, तोडलेल्या टाइल्सच्या कामाला पण वापरता येईल, मे महिन्यात सोसायटीत पाणीकपात असताना ते गटारात सोडणं मला बरं वाटत नाही. मीठ लिटरला ३८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ३४-३५ किलो, खारटपणा ३५ पीपीटीला आणा.

प्लंबरकडून बाथरूमजवळ एक निळा २०० लिटरचा फूड ग्रेड ड्रम बसेल एवढी जागा, आरओचा पॉइंट आणि नहाणी ट्रॅप जवळ, एवढं करून घ्या, पाणी बदलायला दर वेळी बादल्या उचलाव्या लागल्या की माणूस सहा महिन्यांत पाणी बदलणं सोडतो. उडालेलं पाणी भरून काढायला ऑटो टॉप-ऑफ लागेलच, त्यासाठी वेगळी ३०-४० लिटरची टाकी. आरओची लाइन बॉल कॉक लावून थेट संपमध्ये आणू नका. बॉल कॉक अडकला तर रात्रभर गोडं पाणी येत राहणार, म्हणजे घरात पूर पण येईल आणि खारटपणा पडून टँक पण जाईल. टाकी मर्यादित असली की नुकसान पण मर्यादित. आणि टॉप-ऑफच्या नळीचं तोंड पाण्याच्या वर ठेवा, इथंही सायफन लागतो.

लाईट गेल्यावर पाण्याचं झालं, आता माशांचं. २७ डिग्रीच्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो, प्रवाह थांबला की भरलेल्या टँकमध्ये तो काही तासांत संपतो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईभर लाईट गेली होती ते आठवत असेल, काही भागांत ती यायला बरेच तास लागले, आणि त्या दिवशी मला दिवसभर फोन येत होते. सगळी सिस्टीम इन्व्हर्टरवर टाकायची गरज नाही. ३० वॅटचा एक वेव्हमेकर प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टरवर, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर तो हिशोबाने ४० तास जातो. रिटर्न पंप आणि चिलर त्यावर टाकू नका, बॅटरी तिथंच संपेल.

तो लाइव्ह रॉक घेऊ नका. दगडी कोरल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची १ मध्ये आहे, समुद्रातून काढलेल्या रॉकवर तेच असतं, आणि ते घरात ठेवणं गुन्हा आहे. आपल्याच हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर कोरल आहे, कोस्टल रोडच्या कामात २०२० साली ते हलवायला रीतसर परवानगी घ्यावी लागली होती. जी गोष्ट वाचवायला सरकारी कामाला थांबावं लागतं ती आपण हौसेसाठी पिशवीत आणायची हे मला पटत नाही. कोरडा ॲरागोनाइट किंवा सिरॅमिक रॉक घ्या, बॅक्टेरिया बसायला सहा-आठ आठवडे द्या, आणि कोरल झोॲन्थस, मशरूम, लेदर या दगडी नसलेल्या, मऊ प्रकारांपासून सुरू करा. बाहेरून आयात केलेलं काही घेतलंत तर आयातीचे कागद आणि नोंदणीबद्दल दुकानदाराला आधी विचारा आणि कागद स्वतःकडे ठेवा.

सगळं जोडून झालं की मीठ टाकायच्या आधी साध्या पाण्याने भरा, सात दिवस चालू ठेवा. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा, ठिबकलं तर लगेच कळतं. मग मेन स्विच बंद करा आणि संपजवळ खाली बसून बघा, पाणी तुमच्या रेघेपासून किती वर जाऊन थांबतं. परत चालू करा, सायफन किती वेळात लागतो ते घड्याळावर बघा, दोन मिनिटांच्या आत लागायला हवा. मग सायफनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि दुसऱ्या पाइपच्या तोंडावर हात दाबून धरा, एकटा तिसरा पाइप सगळं पाणी घेतो का बघा. हे दहा वेळा करा, एकदा रात्री सगळे झोपल्यावर पण करा म्हणजे आवाज कळेल.

आणि प्लंबरला बोलवायच्या आधी हॉलचा प्लॅन मला पाठवा, बीम कुठून जातो, कॉलम कुठे आणि ड्राय बाल्कनी कुठल्या बाजूला एवढं पेनाने दाखवून, म्हणजे स्लीव्ह कुठून काढायचा ते सांगतो.